बागेचं उत्पन्न करमुक्त, मग कागद कशाला?

पत्र

नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले. सातबारा सासऱ्यांच्या नावावर आहे, पाच एकर द्राक्षबाग माझे मिस्टर बघतात. आठ गायींचा गोठा मी सांभाळते, दुधाचा पगार माझ्या खात्यात येतो. मागच्या महिन्यात मिस्टरांना इन्कम टॅक्सचा मेसेज आला. 2024-25 मध्ये तुमच्या बचत खात्यात 13 लाख रुपये रोख भरले गेले, त्याचा खुलासा करा, असं त्यात आहे. सासरे म्हणतात, शेतकऱ्याला कसला इन्कम टॅक्स, लक्ष देऊ नका. गावातला एक एजंट म्हणतो, बागेचे 8 लाख पुण्याच्या दिरांच्या रिटर्नमध्ये दाखवा, त्यांना फ्लॅटच्या कर्जाला उपयोग होईल. त्यातच 30 गुंठ्यांना गिऱ्हाईक आलंय, पण ते निम्मे पैसे रोख देतो म्हणतात. शेतीचे पैसे आले की महिन्याभरात कुठे जातात ते कळत नाही. मुलगी सात वर्षांची आहे. रिटर्न भरलं की पीएम किसान बंद होतं हे खरं का? कुठून सुरुवात करू? सोबत व्यापाऱ्यांच्या पट्ट्यांचे, म्हणजे माल विकल्याच्या पावत्यांचे, फोटो आणि बाकीचा तपशील वेगळा लिहून पाठवतेय. नाव छापू नका.

उत्तर

ताई, सुरुवात त्या मेसेजपासून. सासऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही. 1961 च्या कायद्यात नव्हता आणि 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला, त्यातही ही सूट कायम आहे. पण खात्यात आलेली रोख शेतीचीच आहे, हे आयकर विभागाला आपोआप कळत नाही. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत 10 लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँकेला ती माहिती आयकर विभागाला द्यावीच लागते. तिकडे फक्त आकडा पोहोचतो, बाग पोहोचत नाही. ती बाग आपल्याला कागदावर दाखवावी लागते.

दाखवली नाही तर काय होतं, ते सासऱ्यांना शांतपणे सांगा. ज्या पैशाचा खुलासा होत नाही, त्यावर त्या वर्षाच्या कायद्याप्रमाणे 60 टक्के कर, त्यावर 25 टक्के अधिभार आणि वर 4 टक्के उपकर लागतो. सगळं मिळून 78 टक्के. म्हणजे 13 लाखांवर 10 लाख 14 हजार. ज्या पैशावर एक रुपयाही कर नव्हता, त्याचं हे होतं, आणि तेही निव्वळ उत्तर दिलं नाही म्हणून. मी हे घाबरवायला लिहीत नाही. वेळेत उत्तर दिलेलं अशा प्रकरणात बहुतेक वेळा पुरतं.

आधी एक खात्री करा. मेसेजमधल्या लिंकवर बोट लावू नका, तसले बनावट मेसेज फार फिरतात. यजमानांच्या पॅनवरून आयकर विभागाच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. तिथे वार्षिक माहिती विवरणात ही रोख दिसली आणि खुलाशाची मागणी दिसली, तरच तो मेसेज खरा. उत्तरही तिथेच द्यायचं, आणि दिलेल्या मुदतीच्या आत. यजमानांना शेतीशिवाय दुसरं उत्पन्न नाही आणि बचत खात्यांतला वर्षाचा एकूण भरणा 50 लाखांच्या खाली आहे, म्हणजे निव्वळ या भरण्यामुळे त्या वर्षाचं रिटर्न भरणं त्यांच्यावर बंधनकारक नव्हतं. "रिटर्न का भरलं नाही" याची धास्ती सोडा.

आता पुरावा. तुम्ही पाठवलेले नऊ पट्ट्यांचे फोटो मी एकेक करून पाहिले. गुलाबी पातळ कागद, कार्बनची निळी शाई, "थॉमसन" आणि "सोनाका" असं वाणाचं नाव, क्रेटची संख्या, वजा तूट, भाव, आणि खाली व्यापाऱ्याची कशीबशी सही. ताई, या नऊ कागदांची किंमत आज 13 लाख आहे. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून आजच झेरॉक्स करा, कारण कार्बनची शाई उडते आणि औषधाच्या दुकानाची मशीनवरची बिलं तर वर्षभरात कोरी होतात. पट्ट्यांच्या जोडीला सातबारा आणि त्यावरची पीक नोंद, ई-पीक पाहणीची नोंद, सोसायटीच्या पीक कर्जाचा उतारा, खतं-औषधांची बिलं, छाटणी आणि थिनिंगच्या (मणी विरळणीच्या) मजुरीची वही. बाग सासऱ्यांच्या नावावर आणि पैसे मुलाच्या खात्यात का, हा प्रश्न येणारच. त्यासाठी सासऱ्यांचं साध्या कागदावरचं संमतीपत्र जोडा, की जमीन माझी, बाग मुलगा कसतो, विक्री तोच करतो. उत्पन्न शेतीचं ठरायला जमीन कसणाऱ्याच्याच नावावर हवी असं नाही, खंडाने घेतलेल्या जमिनीचं उत्पन्नही शेतीचंच असतं.

मग साधा हिशेब मांडा. पाच एकरांत 45 टन माल, सरासरी 45 रुपये किलो, म्हणजे 20 लाख 25 हजार. त्यातले 13 लाख रोख, बाकी बँकेतून. तारीखवार पट्टी एका बाजूला, बँकेतला भरणा दुसऱ्या बाजूला. पट्टी 11 फेब्रुवारीची आणि भरणा 13 तारखेचा असं जुळलं की वाचणाऱ्या अधिकाऱ्याचं अर्धं समाधान तिथेच होतं.

एका गोष्टीवर मात्र तुम्हाला सावध करतो. 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख एका माणसाकडून एका दिवसात किंवा एकाच सौद्यात घेतली, तर तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. घेणारा म्हणजे आपण. तुमच्या पट्ट्यांत सगळ्यात मोठी रोख 1 लाख 80 हजारांची आहे, तिथे तुम्ही वाचलात. पण अख्ख्या प्लॉटचा एकच सौदा ठरवून पैसे तुकड्यातुकड्यांनी रोखीत घेतले, तर तेही या नियमात अडकू शकतं. पुढच्या हंगामापासून व्यापाऱ्याला सौदा ठरतानाच सांगा, बँकेतून पैसे आल्याशिवाय गाडी भरायची नाही. हे मी नुसतं करासाठी सांगत नाही. माझ्या वडिलांच्या बागेचे सव्वा लाख एका व्यापाऱ्याने बुडवले, तेव्हा आमच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता, त्यावर ना तारीख ना सही. पोलीस चौकीत तो कागद टेबलावर ठेवताना वडिलांचा हात थरथरत होता. ते मी विसरलेलो नाही.

आता एजंटचा सल्ला. हा सल्ला मला सगळ्यात जास्त खटकला, कारण वरवर तो फायद्याचा दिसतो. तुम्ही लिहिलंय की दिरांचं करपात्र उत्पन्न 13 लाख आहे. नव्या कर पद्धतीत 2025-26 या वर्षासाठी त्यावर कर होतो 75 हजार. आता त्यांच्या रिटर्नमध्ये बागेचे 8 लाख दाखवले तर? शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं, तरी शेतीबाहेरचं उत्पन्न 4 लाखांच्या वर असेल आणि शेतीचं निव्वळ उत्पन्न 5 हजारांच्या वर असेल, तर दराचा टप्पा ठरवताना दोन्ही एकत्र मोजतात. 13 आणि 8 मिळून 21 लाखांवर कर काढायचा, तो होतो 2 लाख 25 हजार. त्यातून शेतीचे 8 आणि मूळ सवलतीचे 4 अशा 12 लाखांवरचा कर वजा करायचा, तो 60 हजार. उरले 1 लाख 65 हजार. म्हणजे दिरांचा कर 90 हजारांनी वाढला, उपकर धरून 93 हजार 600. हे एका वर्षाचं झालं, आणि बागेतला एक रुपयाही त्यांच्या खात्यात आलेला नसताना.

वर रिटर्नच्या फॉर्ममध्ये शेतीचं उत्पन्न 5 लाखांपेक्षा जास्त दाखवलं की जमिनीचा तपशील विचारतात. कुठला जिल्हा, कुठला पिनकोड, किती एकर, स्वतःची की खंडाने, बागायत की जिरायत. दिरांच्या नावावर सातबारा नाही, पुण्यात राहून ते बाग कसत नाहीत. आणि तेच 8 लाख यजमानांच्या खुलाशातही येणार. एकच पैसा दोन ठिकाणी दिसला की दोघेही अडचणीत येतील. फ्लॅटच्या कर्जासाठी सख्ख्या भावांना कागदावर खोटं बोलायला लावू नका. दिरांना खरंच बागेतला वाटा द्यायचा असेल, तर रीतसर वाटप करा, फेरफार होऊ द्या, मग त्यांच्या वाट्याचं उत्पन्न ते मोकळेपणाने दाखवतील.

दुधाकडे येतो, कारण इथे गावोगाव गैरसमज आहे. दूध, कुक्कुटपालन, शेळीपालन, मधमाश्या, मासे, ट्रॅक्टर भाड्याने देणं, हे सगळं आपण शेतीतच धरतो, पण आयकराच्या कायद्यात ते शेतीचं उत्पन्न नाही. तुमचा गोठा हा तुमचा व्यवसाय आहे, आणि खातं तुमचं म्हणून उत्पन्नही तुमचं. दर दहा दिवसांच्या पगाराची बेरीज वर्षाला 7 लाख 60 हजार होते असं तुम्ही लिहिलंय. लहान व्यवसायाला अंदाजित नफ्याची सोय आहे. पैसे बँकेतून आले असतील तर उलाढालीच्या किमान 6 टक्के नफा दाखवायचा, म्हणजे 45 हजार 600. खरा नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवा. पेंड, चारा, डॉक्टर, भाकड गायींचा खर्च जाऊन तुमच्या हातात दीड-पावणेदोन लाख राहत असतील, तर तेवढे लिहा. 4 लाखांच्या आत आहे, कर शून्य.

मग रिटर्न कशाला भरायचं? तुमच्यासाठी, ताई. उद्या दहा गायींचा मुक्त गोठा करायचा म्हणून बँकेत गेलात, तर मागच्या दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात. पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्या बाईचं उत्पन्न कुठल्याच कागदावर नसतं आणि बँक तिला "घरकाम" या रकान्यात टाकते, हे मी खूपदा पाहिलंय. तुमच्या नावाचं रिटर्न हा तुम्ही कमावता याचा सरकारी कागद आहे. तो यंदापासून सुरू करा.

आणि पीएम किसानचं म्हणाल, तर रिटर्न भरल्याने ते बंद होत नाही. आधीच्या कर निर्धारण वर्षात ज्याने आयकर भरला, तो त्यातून वगळला जातो. शून्य कराचं रिटर्न म्हणजे कर भरणं नव्हे.

जमिनीच्या बाबतीत घाई करू नका. शेतजमीन विकल्यावर कर लागतो की नाही, हे ती गावात मोडते की शहराजवळ, यावर ठरतं. जवळच्या नगरपरिषदेची लोकसंख्या 10 हजार ते 1 लाख असेल तर हद्दीपासून 2 किलोमीटरपर्यंत, 1 लाख ते 10 लाख असेल तर 6 पर्यंत, 10 लाखांच्या वर असेल तर 8 किलोमीटरपर्यंतची जमीन करात येते. त्याच्या बाहेर असेल तर भांडवली नफ्यावर कर नाही. तुम्ही लिहिलंय "अडीच किलोमीटर", पण ते मोटारसायकलवर मोजलेलं. कायदा हवाई अंतर बघतो. रस्त्याने अडीच असलेलं सरळ रेषेत पावणेदोन निघू शकतं. सौद्याचा कागद करण्याआधी अंतराचा आणि लोकसंख्येचा दाखला काढून घ्या.

जमीन हद्दीच्या आत निघाली तर कर 12.5 टक्क्यांनी, किंवा ती 23 जुलै 2024 च्या आधीची असल्याने महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांनी, यातलं जे कमी तेवढा. दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घेतली तर तोही वाचतो. मात्र विक्रीआधीची दोन वर्षं ती जमीन मालक स्वतः किंवा त्याचे आई-वडील कसत असले पाहिजेत. मुलगा कसतो, हे त्या नियमात नाही. तुम्ही लिहिलंय की त्या 30 गुंठ्यांत घरचा गहू असतो आणि सासरे स्वतः बघतात. म्हणजे यजमानांच्या खुलाशात "सगळी जमीन मुलगा कसतो" असं सरसकट लिहू नका, फक्त बागेचं लिहा. एका कागदातला शब्द दुसऱ्या कागदात आडवा येतो तो असा. आणि रिटर्नच्या मुदतीपर्यंत नवी जमीन मिळाली नाही, तर पैसे बँकेत कॅपिटल गेन खातं उघडून त्यात ठेवा, बचत खात्यात नको.

निम्मी रोख? नाही. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर तेवढाच दंड, तोही घेणाऱ्याला, म्हणजे या वयात सासऱ्यांना. शिवाय ती रोख उद्या बँकेत भरायला गेलात की पुन्हा हाच मेसेज, आणि तेव्हा तुमच्या हातात पट्टी नसेल. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. रस्त्यालगतच्या जमिनीला दुसरं मिळतं.

शेवटी तुमचा तो प्रश्न, पैसे कुठे जातात. द्राक्षाचं चक्र तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. पैसा येतो फेब्रुवारी ते एप्रिल. लगेच खरड छाटणीचा खर्च, सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि तिथून पुढे औषधाचं बिल थांबत नाही. एप्रिलमध्ये घरात वीस लाख आलेले असतात आणि दसऱ्याला दुकानात उधारी असते. कारण त्या वीसमधले बारा लाख आपले नसतात, पुढच्या बागेचे असतात. ते पहिल्या दिवशी वेगळे काढले नाहीत तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, लग्नात, नाहीतर प्लॉटच्या बयाण्यात जातात.

म्हणून माझा क्रम असा. आधी सोसायटीचं पीक कर्ज मुदतीत भरा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य पडतं. मुदत चार दिवसांनी चुकली तर हा लाभ जातो, आणि नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं घ्यायला, कुणाकडून महिना शेकडा तीनने उचलले तर तो खड्डा वर्षभर भरत नाही. मग छाटणीचे पैसे दोन मुदत ठेवींत, एक सप्टेंबरला संपणारी, एक नोव्हेंबरला. दुकानदाराला रोखीने माल घेतो म्हटलं की भाव कमी होतो, उधारीत तोच डबा महाग पडतो. ठेवीच्या व्याजापेक्षा हा फायदा मोठा आहे. मग सहा महिन्यांचा घरखर्च, यातून फक्त किराणा, शाळा, दवाखाना.

पतसंस्थेत अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळे तिथे ठेवू नका. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेच्या ठेवीला ते नाही.

विम्याचं थोडक्यात. हवामानावर आधारित फळपीक विमा घ्या, शेतकऱ्याचा हिस्सा साधारणपणे विमा रकमेच्या 5 टक्के असतो. यजमानांचा आणि तुमचा, दोघांचाही, वर्षाला 436 रुपयांचा जीवनज्योती आणि 20 रुपयांचा सुरक्षा विमा बँकेतून चालू करा, प्रत्येकी 2 लाखांचं संरक्षण मिळतं. त्याहून मोठा साधा मुदत विमा यजमानांच्या नावाने हवाच, बागेवर कर्ज आहे. पण वर्षाला लाखभर हप्त्याची बचत-पॉलिसी घेऊ नका. पगारदाराला हप्ता जमतो. आपल्याकडे एका रात्रीत गारा पडतात आणि पुढची दोन वर्षं हप्ता जात नाही, मग भरलेलं अर्धं बुडतं. त्याऐवजी पीपीएफ बघा. वर्षाला किमान 500 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. चांगल्या सालात लाख भरा, गारपिटीच्या सालात 500 टाकून खातं जिवंत ठेवा. आणि कर्जाच्या वादात कोर्टालाही त्यावर जप्ती आणता येत नाही. बागायतदाराला यापेक्षा सोयीचं खातं मला माहीत नाही. मुलगी दहाच्या आत आहे, तिचं सुकन्या समृद्धीचं खातं पोस्टात 250 रुपयांनी उघडतं. या आठवड्यात उघडा.

आणि एक वही. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, कुठलीही. डाव्या पानावर आलेले, उजव्या पानावर गेलेले, रोज रात्री, तुमच्याच हाताने. दुधाची पानं मागून सुरू करा म्हणजे बागेत मिसळणार नाहीत.

पाठवलेल्या फोटोंतला सातवा हललाय, पट्टीवरची तारीख 2 आहे की 12 ते वाचता येत नाही. ती पट्टी उन्हात ठेवून पुन्हा फोटो काढा, आणि त्या व्यापाऱ्याकडून त्याच्या वहीतल्या नोंदीचा फोटो मिळतो का तेही विचारा. खुलासा भरायच्या आधी ती एक तारीख जुळवून घेऊ.